डाव्या खांद्यावरचा ओरखडा

आमच्या पेंट शॉपमध्ये तपासणीची दोन माणसं समोरासमोर उभी असतात आणि मधून नुकत्याच रंगवलेल्या गाड्या सरकत जातात. वर, खाली, बाजूला, सगळीकडे पांढऱ्या ट्यूब. सावली पडायलासुद्धा जागा नाही. सुती हातमोजे घालायचे, आधी डोळ्यानं बघायचं आणि मग बॉनेटपासून मागच्या दारापर्यंत तळहात फिरवत न्यायचा. रंगात धुळीचा कण अडकला असेल तर तो डस्ट. रंग ओघळून तसाच थिजला असेल तर रन. पत्र्याला बारीक खड्डा असेल तर डिंग. सापडलं की पेन्सिलीनं गोल करायचा आणि गाडी घासायला पाठवायची. आणि ओरखडा असेल तर बोलायलाच नको, अख्खं दार पुन्हा रंगायला जातं. चाकणच्या त्या कंपनीत मी हे काम इतकी वर्षं करतेय, की कुणाच्या घरी चहा पिताना माझा अंगठा कपाच्या कडेवरून फिरतो आणि यजमानीण बिचारी ओशाळते.

माझ्या समोर उभे असायचे ते दादा. नात्यानं माझे कुणी नाहीत. ते चाकणजवळच्या गावातले, शेतकऱ्याच्या घरचे. मी पिंपरीतली, कामगाराची मुलगी. लाइनवर पहिल्या दिवशी त्यांनी मला ताई म्हटलं, मी त्यांना दादा म्हटलं आणि नातं तिथंच ठरून गेलं. डोळ्याला न दिसणारी डिंग त्यांच्या हाताला लागायची. "हाय हितं," एवढंच म्हणायचे. मी वाकायची, तिरकी व्हायची, ट्यूबची रेघ पत्र्यावर कुठे मोडतेय का ते बघायची.

"काही नाहीये दादा."

"हाय."

घासणारे तिथं पॉलिश पेपर लावायचे आणि खड्डा उघडा पडायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मला हरायला आवडत नाही. घरी सापशिडीतसुद्धा माझ्याशी कुणी खेळायला बसत नाही.

बोटाएवढ्या सैनिकांचा खेळ आमच्या आयुष्यात आणला तो माझ्या धाकट्या बहिणीनं. ती आयटीत आहे, पिंपळे सौदागरला मोठ्या सोसायटीत राहते. तिच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी एक टोळकं जमतं. मोठ्या टेबलांवर खोटे डोंगर, पडके बुरूज आणि झाडं मांडायची आणि त्यात दोन सैन्यांची लढाई लावायची. बुटके, राक्षस, हाडांचे सापळे, पंखवाल्या राण्या. सैन्य ज्याचं त्यानं जमवायचं, ज्याचं त्यानं रंगवायचं, अंतर मोजून तुकड्या पुढे सरकवायच्या आणि फासे टाकायचे. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तिला म्हटलं, "एवढं शिकून भातुकली खेळता होय गं तुम्ही?"

ती म्हणाली, "तू रंगातली ना? मग एक रंगवून दाखव."

मला असं कुणी म्हटलं की संपलंच. मी एक सैनिक घरी नेला. त्याचे साच्याचे जोड घासले, प्रायमर दिला, पुन्हा घासला, रंग दिला, वरून क्लिअरचा पारदर्शक थर मारला. पुढच्या रविवारी तो टेबलावर ठेवला तेव्हा टोळक्यानं त्याला हातोहात फिरवला. एक जण म्हणाला, आपल्याकडे हा छंद अगदीच नवीन आहे. मी म्हटलं, "लहानपणी दिवाळीत मातीच्या किल्ल्यावर चित्रं मांडत नव्हतात का? ती काय होती मग?" त्यावर तो हसला आणि मला त्यांच्यात घेतलं. मी पंखवाल्या राणीचं सैन्य उभं केलं. त्याची निशाणं निळी रंगवली. निळी का, हे पिंपरीत कुणी विचारत नाही.

दादांना मीच ओढून नेलं. "मला काय कळतंय त्यातलं," असं म्हणत आले आणि पहिल्याच दिवशी बुटक्यांची पेटी काखेत मारून गेले. म्हणाले, "ही तर आमच्याच गावची मानसं. ठेंगणी, दाढीवाली आन् नाकावर राग." रंगवण्यात त्यांना फार रस नव्हता. त्यांना मोडतोड आवडायची. एकाचा हात कापून दुसऱ्याला लावायचा, पुट्टीचं नवं डोकं घडवायचं. टोळक्यात याला कन्व्हर्जन म्हणतात. "जुगाड म्हणा की सरळ," दादा म्हणायचे. बुटक्यांच्या सरदाराला पेटीत एक रथ मिळाला होता, दोन तट्टं जुंपलेला. दादांनी तट्टं करवतीनं कापली, मानेला वशिंडं चढवली, टाचणीची शिंगं बसवली, रथाची चाकं आणि दांडी बदलली आणि त्याचा बैलगाडा केला, घाटात शर्यतीला पळतो तसा. बैलांच्या पाठीवर भंडाऱ्याचे पिवळे शिंतोडे. सरदार वर उभा, कासरा हातात, तोंड उघडं. तो गाडा टेबलावर आला की समोरचा खेळणारा फासे टाकायचा थांबायचा आणि खाली वाकून बघायचा. एवढं एकच काम दादांनी शेवटपर्यंत रंगवलं होतं. बाकी सगळं सैन्य करड्या प्लास्टिकचंच होतं.

दादांना साखर होतीच. डब्यात भाकरी आणि कारल्याची भाजी असायची आणि वर ते आमच्या जिलब्यांकडे बघून "माझ्या वाटणीची पन खा" असं म्हणायचे. मग साखर डोळ्यांच्या पडद्याला लागली. सुया झाल्या, लेझर झाला. आधी त्यांना ट्यूबभोवती कोळिष्टकं दिसायला लागली, मग कडा पुसट झाल्या, आणि शेवटी उजेड आणि अंधार एवढंच उरलं. त्यांनी नोकरी सोडली. माझ्यासमोर दुसरा माणूस उभा राहिला. चांगला आहे तो, पण मी त्याच्याशी बरेच दिवस धड बोलले नाही.

नजर जात होती त्याच दिवसांत ते एकदा क्लबहाउसला आले होते. समोर हाडांच्या सापळ्यांचं सैन्य असलेला, ताथवड्याच्या कॉलेजात शिकवणारा एक तरुण सर होता. दादांनी तुकडी सरकवायला हात पुढे केला आणि त्यांच्या बाहीनं सापळ्यांची अख्खी रांग आडवी झाली. सर खरंच भला माणूस. म्हणाला, "असू द्या काका. तुम्ही फक्त सांगा, मी हलवतो."

मग दादा सांगायला लागले, "ते पुढं घ्या."

"कोणते? कुऱ्हाडवाले की बाणवाले?"

दादांनी बोटं फिरवून बघितली. दाटीत हत्यारं बोटाला सापडेनात, हाताला सगळे सारखेच लागले. दाढी, ढाल, दाढी, ढाल. थोड्या वेळानं ते उठले. घरी पाव्हणं यायचेत म्हणाले. मी स्कूटरवर त्यांना सोडायला निघाले. मोशीच्या सिग्नलला मागून म्हणाले, "दुसऱ्याच्या हातानं लढायचं? त्यापरीस न लढल्यालं बरं."

त्यानंतर ते आले नाहीत. फोन केला की "बगू" म्हणायचे. पावसाळा सरता सरता मी त्यांच्या घरी गेले, तर वहिनींनी दारातच खुणेनं सांगितलं की काही खरं नाही. दादा आतल्या खोलीत पलंगावर बसले होते, टीव्ही चालू होता, आणि तोंड भिंतीकडे होतं. त्यांनी पलंगाखालून पेटी ओढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"घे. सगळं हाय त्याच्यात. तुला न्हाई तर टोळक्यात कुनाला बी दे."

"गाडापण?"

"गाडा बी."

मला भयंकर राग आला. राग त्यांचा नव्हता, कुणाचा होता ते मलाही सांगता आलं नसतं. ज्या हातांनी मला वर्षानुवर्षं रोज हरवलं, ते हात गुडघ्यावर पालथे पडले होते. आणि टीव्हीवर कुणीतरी ओरडून बातम्या देत होतं.

"दिवाळीनंतर मोठी लढाई आहे," मी म्हटलं. "तुम्ही खेळणार आहात. तुमच्या हातानं."

"ताई, पुरं झालं."

"पुरं झालं की नाही ते मी सांगेन. पेटी नेतेय, पण ठेवून घ्यायला नाही. रंगवून परत आणणार."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "न्या हो, न्या. हितं नुसती धूळ खाती." चहा न घेताच मी निघाले, आणि रस्त्यात मला त्याचंही वाईट वाटलं.

मोठ्या लढाईचा नियम असा की न रंगवलेलं सैन्य टेबलावर चालणार नाही. म्हणजे ते अख्खं करडं सैन्य मला रंगवायचं होतं, आणि शिवाय असं करायचं होतं की दादांना बोटानं प्रत्येक सैनिक ओळखता आला पाहिजे आणि बोट लागून एकही पडता कामा नये. दुसरी शिफ्ट असली की सकाळ मोकळी मिळायची. गॅलरीत पाट टाकून मी बसायची. प्रत्येकाच्या पायाखालची चकती काढली, खाली लोखंडी वॉशर चिकटवला, म्हणजे वजन आलं. तुकडीचे ट्रे केले आणि त्यांना चुंबकाची पट्टी लावली, म्हणजे धक्का लागला तरी रांग उभी राहील. आई येता-जाता म्हणायची, "बाहुल्यांचं लग्न कधी आहे गं?" मी म्हणायची, "मुहूर्त निघाला की सांगते."

ओळखण्यासाठी मी ढालींच्या कडेला खाचा पाडल्या. बाणवाल्यांना एक, भालेवाल्यांना दोन, कुऱ्हाडवाल्यांना तीन. मग रंगवायला घेतलं, आणि रंगवायला घेतलं की मी दुसरं काही ऐकत नाही. दाढ्या लाल, तपकिरी, पांढऱ्या. चिलखताला जुन्या तांब्याचा रंग. एकेकाच्या डोळ्यात बुबुळ. असं सैन्य मी माझ्यासाठीसुद्धा रंगवलं नव्हतं. दिवाळीच्या थोडं आधी पेटी घेऊन मी दादांकडे गेले आणि पहिली तुकडी त्यांच्यापुढे मांडली. वहिनी "अगं बया" म्हणाल्या. दादांनी एक उचलला, बोटं फिरवली. दुसरा उचलला. तिसरा.

"ताई," ते म्हणाले, "गुळगुळीत हाय."

"ढालीची कड बघा ना. खाचा आहेत."

त्यांनी पुन्हा बघितलं. मग मी त्यांच्या हातातून घेऊन स्वतः बघितलं. खाचा नव्हत्या. मीच भरून टाकल्या होत्या. प्रायमर घासताना, दुसरा हात देताना, क्लिअर मारताना, दर वेळी अंगठ्याला जे काही खरखरीत लागलं ते मी न विचारता सपाट केलं होतं. हातमोजे घालून ज्या बाईनं उभा जन्म पत्र्यावरचा खरखरीतपणा शोधून नाहीसा केला, तिच्या हाताला खाच ठेवणं जमलंच नाही. मी खाचा पाडल्या डोक्यानं आणि बुजवल्या हातानं, आणि मला पत्ताही लागला नाही.

"गाडी म्हणून पास हाय बग," दादा म्हणाले. हसून म्हणाले, आणि ते हसणं मला सहन झालं नाही. त्यांनी सैनिक चाचपत एकेक करून परत पेटीत ठेवले, नीट, दाढ्या वर करून. "तू केलंस तेवढं लई झालं."

परतताना तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये, पेटी पायाशी ठेवून, मी हेल्मेटच्या आत ढसाढसा रडले. शेजारचा ट्रकवाला बघत होता. त्याच्याकडे मी असं बघितलं की त्यानं काच वर केली.

पुढचे दिवस लाइनवर मी फणफणत होते. अशातच एका दुपारी, पांढऱ्या गाडीच्या छपराजवळ माझा हात अडला. डस्ट होता, क्लिअरच्या खाली, मोहरीपेक्षाही बारीक. मी पेन्सिल उचलली, गोल करायला लागले आणि थांबले. समोरचा माणूस "काय झालं?" म्हणाला. गाडी पुढे सरकत होती आणि मी तिच्याबरोबर चालत होते, बोट त्या कणावर ठेवून. एवढासा कण, आणि मोज्यातूनसुद्धा चुकला नाही. खाचा मोजायला दादांना शिकावं लागलं असतं. हे त्यांना शिकवायची गरजच नव्हती. डस्ट, रन, डिंग, ओरखडा ही आमची दोघांची बाराखडी होती, आणि ती त्यांना माझ्यापेक्षा चांगली येत होती.

घरी आल्याबरोबर मी पेटी उघडली. खूण एकाच जागी हवी, उचलताना अंगठा आपोआप पडतो तिथं, म्हणजे डाव्या खांद्याच्या मागे. बाणवाल्यांच्या खांद्यावर डस्ट: ओल्या रंगात वाळूचा एकेक कण. भालेवाल्यांना रन: जाड रंगाचा थेंब सोडायचा आणि तो ओघळून थिजू द्यायचा. कुऱ्हाडवाल्यांना डिंग: तापवलेल्या खिळ्याचं टोक टेकवायचं. प्रत्येक तुकडीच्या नायकाला ओरखडा, सुईनं, खालच्या प्लास्टिकपर्यंत.

ऐकायला सोपं वाटतं. पण पहिला रन सोडला तेव्हा तो ओघळायच्या आत माझ्या हातानं ब्रशनं टिपून घेतला. दुसराही टिपला. तिसऱ्या वेळी मी ब्रश लांब ठेवला, उजवा हात मांडीखाली दाबला आणि नुसती बघत बसले तो थेंब कसा खाली येतोय ते. माझ्या आयुष्यात मी मुद्दाम केलेला तो पहिला दोष. आईनं विचारलं, "हात का असा धरलायस? भाजला का?" मी म्हटलं, "नाही, त्याला शिक्षा केलीय."

फराळाचा डबा द्यायचं निमित्त करून मी पुन्हा गेले. पेटी बघायला दादा तयारच नव्हते; डबा घेतला आणि तोंड पुन्हा भिंतीकडे केलं. मग मी दोस्त म्हणून बोललेच नाही. खुर्ची ओढली, त्यांच्यासमोर बसले, लाइनवर असायची तेवढ्याच अंतरावर.

"दादा, लॉट आलाय. पास की रिजेक्ट, सांगा."

ते जरा सरळ बसले. "मोजे?"

"मोजे नाहीत, पेन्सिल नाही. तोंडी सांगा."

मी पहिला सैनिक त्यांच्या तळहातावर ठेवला. अंगठा खांद्यावर गेला आणि थांबला.

"डस्ट."

दुसरा दिला.

"ह्याच्यावर बी डस्ट. कुठं रंगवलंस, अंगनात?"

तिसरा दिला. अंगठा खाली घसरला, पुन्हा वर आला.

"हा रन हाय. एवढा रन सोडला कुनी?"

"मी."

"तू?" त्यांचा चेहरा इतका गोंधळला की वहिनी पदराआड हसल्या. "तू रन सोडलास?"

मी पुढचा दिला. डिंग. पुढचा, डिंग. पुढचा, ओरखडा. मग सैनिक मी द्यायची वाट न बघता त्यांनी हात पेटीत घातला, एक घेतला, दुसरा घेतला, मांडीवर वेगवेगळे ठेवायला लागले. डस्टवाले इकडे, रनवाले तिकडे. डस्टवाल्यांतल्या एकाच्या खांद्यावरून त्यांचं बोट पुढे सरकलं, दंडावरून हातापर्यंत, हातातल्या धनुष्यापर्यंत.

"हे सगळं डस्ट म्हंजी बानवाले?"

"हो."

"आन् रनवाले?"

"तुम्हीच सांगा."

त्यांनी बोटानं भाला शोधला. अंगठा त्या रनवरून वर-खाली होत होता. मग त्यांनी टीव्हीच्या दिशेनं हात केला आणि वहिनींना म्हणाले, "बंद कर ती कटकट." वहिनी डोळे पुसत उठल्या.

मला वाटलं होतं आता ते काहीतरी गोड बोलतील. ते म्हणाले, "हा बग. ह्याला डस्ट बी हाय आन् रन बी हाय. हा कोन?"

"तो चुकून झालाय."

"मंग रिजेक्ट. परत कर." आणि तो सैनिक माझ्या हातात दिला. पुढच्या भेटीपर्यंत मला तो खरवडून नव्यानं रंगवावा लागला, आणि त्यात त्यांनी पुन्हा खोट काढली. लाइनवर जसे होते तसेच.

अंतर मोजायला वहिनींनी दोरी केली, ठरावीक अंतरावर गाठी मारून. फाशांचं काही करावं लागलं नाही; त्यांचे ठिपके खोदलेलेच असतात. मी दर रविवारी जायची आणि आम्ही जेवणाच्या सतरंजीवर सराव करायचो. दादा चिडायचे, मी चिडायची, वहिनी म्हणायच्या, "भांडा, पन जेवून भांडा."

लढाईच्या दिवशी क्लबहाउसमध्ये पुन्हा तोच सर समोर आला, सापळ्यांचं सैन्य घेऊन. दादांना बघून त्याला खरंच आनंद झाला. "काका! मी हलवू का तुमचे?"

"हात न्हाई लावायचा," दादा म्हणाले. मग जरा मऊ होऊन, "तुमचं तेवढं सांगत चला, पुढं कोन हाय ते."

मी मागे उभी होते. माझ्या बहिणीनं माझा दंड धरला होता. दादांचा डावा हात टेबलाच्या कडेवरून चालत गेला, पहिल्या ट्रेपाशी थांबला, अंगठा खांद्यावर टेकला. बाणवाले. त्यांनी ट्रे पुढे सरकवला, दोरी लावली, गाठ मोजली. एकही सैनिक हलला नाही. मग भालेवाले. मग कुऱ्हाडवाले. हळूहळू बाजूच्या टेबलांवरचे खेळ थांबले आणि माणसं भोवती जमली. मला ते लोक तिथून जावेत असंही वाटत होतं आणि सगळ्यांनी बघावं असंही वाटत होतं.

दादा हरले. गाड्यानं सापळ्यांची मधली रांग फोडली, पण डावीकडून त्यांना वेढा पडला. शेवटी एका गाठीच्या अंतरावरून ते सराशी असे काही भांडले की सरानं दोनदा मोजून दाखवलं आणि दादांनी तिसऱ्यांदा मोजायला लावलं. हरल्यावर हात मिळवला आणि चहा मागितला, बिनसाखरेचा.

रंगकामाचे वेगळे गुण असतात. परीक्षक भिंग घेऊन आले, दादांचं सैन्य बघितलं, गाड्याचं कौतुक केलं आणि म्हणाले, "रंगसंगती सुंदर आहे. पण फिनिशिंग कमी पडलं. धुळीचे कण आहेत, ओघळ आहेत, ओरखडे आहेत." माझी बहीण तोंड उघडणार तेवढ्यात दादाच म्हणाले, "बरोबर हाय. माल रिजेक्टच हाय." मी आयुष्यभर दुसऱ्याच्या रंगातली धूळ काढली, आणि भर क्लबहाउसमध्ये माझ्या रंगात धूळ निघाली. मला हसू येत होतं. आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला होता.

सामान आवरताना दादा शेजारच्या टेबलाशी गेले. तिथं माझं सैन्य होतं. त्यांनी चाचपत माझी राणी उचलली. ती राणी म्हणजे माझ्या हातून झालेली सगळ्यात चांगली गोष्ट. तिचे पंख टोकाशी गडद निळे आणि मुळाशी येता येता पांढरे होतात, आणि तो बदल नेमका कुठं होतो ते मलाही सांगता येत नाही. दादांचा अंगठा तिच्या खांद्यावरून फिरला, पुन्हा फिरला.

"काय लागतच न्हाई," ते म्हणाले.

"लागणार कसं? पास माल आहे."

"आज त्या सरांनी सांगितलं तवा कळलं पुढं कोन हाय ते. सांगून कळतंय, पन ती लढाई न्हाई." त्यांनी राणी माझ्या हातात दिली. "म्होरल्या रविवारी तू आन् मी. माज्या अंगावर कोन येतंय, ते मला माज्या हाताला कळाया पायजे."

ते काय मागत होते ते मला लगेच समजलं, आणि समजून न समजल्यासारखं करावं असंही क्षणभर वाटलं.

त्या आठवड्यात मी माझ्या बाणवाल्यांना वाळू लावली, भालेवाल्यांना ओघळ सोडले. राणी राहिली शेवटी. रविवारी सकाळी तिला गॅलरीतल्या उन्हात धरली, पंख फिरवून फिरवून बघितले. मग शिवणाची सुई घेतली आणि तिच्या डाव्या खांद्यावर, सगळे थर फाडून, खालचं करडं प्लास्टिक दिसेपर्यंत ओरखडा काढला. लाइनवर असतं तर मी अख्खं दार परत पाठवलं असतं.

दुपारी दादांच्या घरी सतरंजीवर सैन्यं मांडली. वहिनींनी दोरी आणून दिली. दादांनी हात लांब केला, माझ्या रांगेवरून एकेक खांदा चाचपत आले आणि राणीपाशी थांबले. अंगठा त्या ओरखड्यात बसला.

"हाय हितं," ते म्हणाले, आणि त्यांनी गाडा सरळ तिच्या अंगावर घातला.